पंप चालू, टाकी भरलेली, तरी वरच्या वाडीला पाणी नाही: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं

एप्रिल लागला की माझा फोन सकाळी साडेसहालाच वाजायला लागतो. परळच्या चाळीत गॅलरीत दात घासता घासता मी तो उचलतो आणि पलीकडून संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावचं कोणीतरी म्हणतं, "काका, पंप चाललाय, टाकी भरलीय, पन वरच्या वाडीत पानी नाय." गेली अकरा वर्षं हेच वाक्य. मी नोकरी केली मुंबई महापालिकेत चावीवाल्याची. रस्त्यातलं झाकण उघडायचं, लांब चावी आत घालायची आणि ठरल्या वेळी एका विभागाचं पाणी बंद करून दुसऱ्याचं सोडायचं. निवृत्त झालो तशी गावच्या मुंबई मंडळानं नळपाणी योजनेची कटकट माझ्या गळ्यात घातली. नळपाण्याचं कळणारा मंडळात दुसरा कोणी नव्हता.

कोकणातल्या बऱ्याच वाड्यांचं हेच रडगाणं आहे म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो.

आधी लक्षणं

- खालच्या वाडीत हंडा मिनिटात भरतो, वरच्या वाडीत नळ नुसता फुसफुसतो.
- वरच्या वाडीला पाणी येतं, पण शेवटची दहा-पंधरा मिनिटं, तेही करंगळीएवढं.
- पहिलं पाणी तांबूस किंवा गढूळ, कधी कुबट वासाचं.
- पावसाळ्यात तक्रार नाही, गणपतीला जेमतेम, शिमग्यापासून बोंब.
- टाकी सकाळी भरलेली असते आणि दुपारी कोणी पाणी न सोडताही खाली जाते.

यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा. गावात कुठल्याच वाडीला पाणी नसेल तर मधलं सगळं सोडून थेट पंपाच्या भागाकडे जा.

हिशेब समजावा म्हणून आमच्या योजनेची मापं देतो. नदीकाठी विहीर, साडेसात एचपीचा पंप, टेकडीवर ५०,००० लिटरची गोल टाकी, टाकीचा आतला व्यास ५ मीटर. माणसं साधारण ९००. जलजीवन मिशनच्या निकषानं माणशी रोज ५५ लिटर धरलं तर ४९,५०० लिटर होतात. म्हणजे टाकी रोज एकदा पूर्ण भरून पूर्ण वाटली गेली तर कागदावर कोणी तहानलेलं राहायला नको. आमच्याकडे भांडण नेहमी "पाणी कमी आहे" इथून सुरू होतं आणि नवी बोअर मारायच्या ठरावावर जाऊन संपतं. करी रोडला मंडळाच्या एका मीटिंगमध्ये तर बोअरच्या वर्गणीची पावतीपुस्तकंसुद्धा छापून आणली होती. त्या वर्षी दोष निघाला तो तीन इंची व्हॉल्व्हमध्ये.

तीन फोन आणि एक खडू (खर्च काही नाही)

पाणी सोडल्यावर तीन घरांना फोन करा. एक टाकीजवळचं, एक मधलं, एक शेवटचं. कितीला आलं, कितीला गेलं, पंधरा लिटरची बादली किती वेळात भरली, एवढंच विचारा. "येत नाय" हे उत्तर घेऊ नका, मिनिटं घ्या. मधल्या घरापर्यंत जोर चांगला आणि तिथून पुढे एकदम मेला, तर दोष त्या दोन घरांच्या मधे आहे. जोर हळूहळू कमी होत गेला असेल तर वाटेत कोणीतरी ओढतंय किंवा गळती आहे. या एका माहितीवर निम्मी पायपीट वाचते.

मग टाकीवर चढून झाकण उघडा आणि पाणी डोळ्यांनी बघा. "टाकी भरली" असं जे सांगतात ते बहुधा पंप किती तास चालला यावरून सांगतात. आत पट्टी किंवा बांबू उभा करून त्यावर खुणा करून घ्या. ५ मीटर व्यासाच्या टाकीत १ सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण २०० लिटर. हा आकडा पुढे सारखा लागेल. तुमच्या टाकीचा व्यास वेगळा असेल तर शाळेतल्या गुरुजींकडून काढून घ्या, त्यांनाही बरं वाटतं.

व्हॉल्व्ह, म्हणजे आपला 'वॉल'

माझ्या अनुभवात सर्वात जास्त वेळा दोष इथे सापडतो आणि सर्वात कमी वेळा इथे बघितलं जातं, कारण चाक फिरतंय म्हणजे व्हॉल्व्ह चालतोय असं सगळे धरून चालतात.

तो बोअरच्या वर्गणीचा किस्सा सांगतो. मी रात्रीच्या गाडीनं गेलो, सकाळी वॉलमनला बरोबर घेऊन वरच्या वाडीच्या चेंबरशी गेलो. चेंबरमध्ये पालापाचोळा आणि एक बेडूक. त्यानं चाक फिरवलं, लोण्यासारखं फिरलं. तो म्हणाला, "बघा, फुल्ल खोललाय." मला ते लोणीच खटकलं. चांगला व्हॉल्व्ह उघडताना सुरुवातीला हाताला जड लागतो आणि शेवटाला ठप्पकन अडतो. हा पंधरा फेरे झाले तरी अडेना. मी लोखंडी सळई स्पिंडलवर, म्हणजे चाकाखालच्या दांड्यावर, टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. मुंबईत रात्रीच्या पाळीत आम्ही चावीलाच कान लावून ऐकायचो, पाणी वाहत असेल तर शीळ घातल्यासारखा सू सू आवाज येतो. इथे शांत. पाणी अडवणारी आतली पट्टी स्पिंडलपासून तुटून खाली पडली होती. वर चाक कितीही फिरवा, खाली दरवाजा बंदच. बाजूच्या फटीतून जेवढं झिरपत होतं तेवढंच पाणी वरच्या वाडीला मिळत होतं, दोन उन्हाळे.

तेव्हा तपासायचं असं: व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, मग फेरे मोजत पूर्ण उघडा. तो आकडा चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिहून ठेवा. आमच्या तीन इंची व्हॉल्व्हला दहा-अकरा फेरे लागतात. पुढच्या वेळी सातलाच अडला तर आत दगड किंवा गंज आहे, अडलाच नाही तर पट्टी तुटली आहे. अडला म्हणून पान्ह्याला पाइप लावून जोर काढू नका, स्पिंडल पिळून तुटतो.

याच फेरीत खालच्या वाडीचा व्हॉल्व्हही बघा. वरच्या वाडीची वेळ असताना तो पूर्ण बंद आहे ना? पाणी उताराला धावणार. खालचा व्हॉल्व्ह दोन फेरे जरी उघडा राहिला तरी वर जोर उरत नाही. वॉलमन नवा असेल, त्याचं घर खालच्या वाडीत असेल, तर जास्त बोलायची गरज नाही. आणि शेवटची वाडी बहुतेक ठिकाणी कुठली असते, धनगरवाडी की बौद्धवाडी, हे नकाशा न उघडताही सांगता येतं. लाइन टाकताना ज्यांचा आवाज छोटा, त्यांच्या वाट्याला पाइपही छोटा आलेला असतो.

नळाला लावलेल्या मोटारी

हे सगळ्यांना माहीत असतं आणि मीटिंगमध्ये कोणी काढत नाही. घरातल्या नळाला अर्धा एचपीची मोटार थेट लावली की ती लाइनमधलं पाणी खेचते आणि पुढच्या घरांत हवा उरते. मुंबईतही हाच धंदा चालतो, तिथे त्याला बूस्टर म्हणतात.

पकडायची युक्ती सोपी आहे. टाकी भरलेली ठेवा आणि गावात लाइट गेलेली असताना वरच्या वाडीची वेळ सोडा. टाकीतून पाणी उतारानं येतं, त्याला विजेची गरज नाही. मोटारींना आहे. लाइट नसताना वरच्या वाडीला जोरात पाणी आलं आणि लाइट आल्याबरोबर पडलं, तर पाइप, व्हॉल्व्ह, पंप यांना दोष देऊ नका. आमच्याकडे हा प्रयोग केला तेव्हा पहिली मोटार माझ्या चुलतभावाकडे सापडली. तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

मोटार काढायला स्वतः कोणाच्या पडवीत शिरू नका. ग्रामपंचायतीची नोटीस जाऊ दे, पाणीपुरवठा समितीतल्या बायकांना पुढे करा. हंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला नाही म्हणणं पुरुषाला नाही म्हणण्यापेक्षा अवघड जातं.

लाइनमध्ये अडकलेली हवा

पाइप टेकाडावरून चढून पुन्हा उतरतो तिथे हवा साठते आणि बुचासारखी बसते. खूण अशी की नळ आधी थुंकतो, मग बारीक धार येते, मग काही नाही. अशा जागी एअर व्हॉल्व्ह असायला हवा. असेल तर त्याचं तोंड गंजानं किंवा कुंभारमाशीच्या मातीनं बुजलेलं नाही ना ते बघा. नसेल तर त्या उंचवट्यावर फेरूल मारून (पाइपला भोक पाडून जोड बसवून) एक साधा कॉक बसवता येतो, पाणी सोडल्यावर तो उघडून हवा जाऊ द्यायची. आणि वॉलमनला सांगा, पहिली पाच मिनिटं व्हॉल्व्ह पाव उघड, मग हळूहळू पूर्ण. रिकाम्या लाइनमध्ये एकदम पाणी सोडलं की हवा कोंडते, शिवाय सांधेही निखळतात.

उंचीचा प्रश्न आहे का?

शे-दोनशे रुपयांत मिळणारा प्रेशर गेज वरच्या वाडीच्या शेवटच्या नळाला लावा, वाडीतले बाकीचे सगळे नळ बंद ठेवा आणि वाचा. दहा मीटर उंचीचा फरक म्हणजे साधारण १ किलो दाब. गेजवर पाव किलो आला तर टाकीतलं पाणी तुमच्यापेक्षा जेमतेम अडीच मीटर वर आहे, आणि पाणी वाहायला लागलं की तेवढा दाब पाइपमध्येच खर्च होतो. इथे व्हॉल्व्ह फिरवून काही होणार नाही. वाडीला वेगळी छोटी टाकी किंवा वेगळी लाइन लागेल, आणि ते काम जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याचं. समितीनं स्वतःच्या अंदाजानं पाइप घेऊन टाकू नये. आमच्या शेजारच्या गावानं टाकला, पाइप अजून जमिनीत आहे, पाणी नाही.

गळती, आणि ती नुसती पाण्याची नसते

रात्री दहाला टाकीचा बाहेर जाणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, आत खडूनं किंवा पट्टीवर खूण करा, पहाटे पाचला बघा. खूण जागेवर असली तर टाकी ठीक. खाली गेली तर टाकीच गळते किंवा तो व्हॉल्व्ह पाणी सोडतोय. दुसऱ्या रात्री मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि वाड्यांचे बंद करा. आमच्याकडे एका रात्रीत पाणी ३० सेंटिमीटर उतरलं होतं, म्हणजे सुमारे ६,००० लिटर. माणशी ५५ नं शंभरावर माणसांचं रोजचं पाणी, टाकी ते वाड्यांचे चेंबर एवढ्याच टप्प्यात जमिनीत मुरत होतं. मग एकेक वाडीचा व्हॉल्व्ह एकेका रात्री उघडून टप्पा शोधायचा.

नेमकी जागा शोधायला एप्रिल-मे सारखा महिना नाही. जांभ्याच्या कातळावर सगळं गवत करपलेलं असताना एकाच ठिकाणी हिरवा ठिपका दिसला, तिथे म्हशी तोंड घालताना दिसल्या, की तिथेच खणा. प्लॅस्टिकच्या पाइपवर कान लावून फारसं ऐकू येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आता खरी काळजीची गोष्ट. जिथून पाणी बाहेर जातं तिथूनच, लाइन रिकामी झाली की, बाहेरचं आत येतं. पाणी दिवसातून तासभर, बाकी तेवीस तास पाइप रिकामा. तो गटाराशेजारून, गोठ्याखालून जात असेल तर पहिलं तांबूस पाणी म्हणजे नुसती माती नसते. म्हणून गळती सापडेपर्यंत वरच्या वाडीला पहिली दहा मिनिटं पाणी सोडून द्यायला सांगा, झाडांना घाला, पिऊ नका. आणि जलसुरक्षकाला (ग्रामपंचायतीचा पाणी तपासणारा माणूस) ओटी चाचणी, म्हणजे थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी, टाकीपाशी नाही, शेवटच्या नळाला करायला लावा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचतंय. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. टाकीपाशी पिवळं आणि शेवटी कोरं, याचा अर्थ वाटेत काहीतरी ते खातंय.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आम्ही १,००० लिटरला ५ ग्रॅम धरतो, म्हणजे भरलेल्या टाकीला पाव किलो. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळीच टाकीत ओतायची आणि निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेल्या पोत्यातली पावडर दमट होऊन मेलेली असते. ती दुप्पट टाकून भागत नाही, नवी मागवा.

पंप

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच पंपाकडे या. टाकीचा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून पंप एक तास चालवा आणि पट्टी बघा. आमचा पंप मिनिटाला साधारण २०० लिटर देतो, तासाला १२,०००, म्हणजे पाणी ६० सेंटिमीटर चढायला हवं. ४० च चढलं तर कारणं साधारण अशी.

नुकतंच लाइटवाल्यांनी डीपीवर किंवा खांबावर काम केलं आहे का? दोन फेज अदलाबदल झाले की मोटार उलटी फिरते. आवाज येतो, पाणीही येतं, पण निम्मंशिम्मं. एका वर्षी गावानं यापायी पंप वर काढून तालुक्याला नेला, तिथल्या मेकॅनिकनं तो चालवून दाखवला आणि परत पाठवला. दोन वायरींचं काम होतं.

पंप बंद केल्यावर पाइपला हात लावून ऐका. पाणी धडधडत विहिरीत परतत असेल तर एनआरव्ही (पाणी मागे न सोडणारा व्हॉल्व्ह) गेलाय, दर वेळी अख्खी चढणीची लाइन पुन्हा भरावी लागते. पंप चालू असताना विहिरीच्या आत पाणी पडल्याचा आवाज आला तर उभ्या पाइपला भोक आहे. अँपमीटरचा आकडा रोजच्या वहीत लिहिलेला असेल तर आज तो नेहमीपेक्षा कमी की जास्त हे कळेल. वही नसेल तर आजपासून घाला. कमी अँप आणि कमी पाणी म्हणजे जाळी पाल्यानं बुजली किंवा विहिरीतलं पाणीच खाली गेलं. दोरीला दगड बांधून पातळी मोजा, पंप चालवायच्या आधी आणि थांबवल्यावर, मग दोन तासांनी पुन्हा. विहीर किती वेगानं भरते हे त्यावरून कळतं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात हे मोजावं लागतं, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. मुंबईला पाणी देणारं तानसा धरण १८९२ चं, ते आहे शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. चावी फिरवताना मला हे माहीत नव्हतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

स्टार्टर दोनदा ट्रिप झाला की तिसऱ्यांदा बटण दाबू नका. पॅनेल उघडणं, फेज बदलणं हे परवानाधारक वायरमनचं काम. ओल्या पायांनी पंपघरात शिरलेल्या माणसाला विजेनं ओळखीनं सोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

बंद टाकीत किंवा जुन्या विहिरीत एकट्यानं उतरू नका, पंप अडकला म्हणून तर मुळीच नाही. आत प्राणवायू कमी असू शकतो आणि खाली पोचेपर्यंत कळत नाही. विहिरीच्या आत डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन उतरवून चालवणं तर जिवावरचं. पंप वर काढायला घोडा (तिपाई) आणि चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) असलेला मेकॅनिक आणा.

एकाच वाडीत दोन घरांत जुलाब किंवा कावीळ दिसली तर व्हॉल्व्ह, फेरे, खडू सगळं बाजूला. त्या वाडीची लाइन बंद करा, पाणी उकळून प्यायला सांगा, दुसरी सोय होईपर्यंत चांगल्या वाडीतून किंवा टँकरनं पाणी द्या आणि त्याच दिवशी आरोग्य उपकेंद्राला कळवा. पाण्याचा नमुना तेच निर्जंतुक बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवतील. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तुम्ही भरलेला नमुना कामाचा नाही.

आणि बोअर. विहीर खरोखर आटत असेल, वहीत महिनाभराची पातळी लिहिलेली असेल, तरच तो विषय काढा, तोही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला जागा दाखवल्यावर. नारळ हातावर उभा करून पाणी सांगणाऱ्याला आधी बोलावू नका. शिवाय सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. तुमच्या विहिरीशेजारी आंब्याच्या बागेसाठी कोणी मशीन आणून उभं केलं असेल तर ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

अभियंत्याला किंवा मला फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: तीन घरांची मिनिटं, व्हॉल्व्हचे फेरे, दोन रात्रींच्या खुणांतला फरक सेंटिमीटरमध्ये, तासाभरात टाकी किती चढली, अँपमीटरचा आजचा आकडा आणि विहिरीची पातळी. साडेसहाच्या आधी करू नका, तोवर आमच्या चाळीत पाणी भरायची वेळ असते.